खारभूमीतील शेतीजीवन आणि विकासाचा रेटा

१. प्रस्तावना

‘ग्रामीण जीवन’ असे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा माणदेशातील माळरान किंवा विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेत उभे राहते. याला आपले वाचनही काही अंशी कारणीभूत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या किंवा सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या. मराठी ग्रामीण कादंबरीतील माणूस बहुतेक वेळा आभाळाकडे पाहणारा, पाण्याची वाट पाहणारा असतो. प्रस्तुत लेखात ज्या शेतकऱ्याचा आपण विचार करणार आहोत, त्याची मुख्य चिंता याच्या उलट आहे. पाणी शेतात येऊ नये, निदान खाडीचे पाणी येऊ नये, यासाठी त्याच्या अनेक पिढ्या खपलेल्या आहेत.

हा शेतकरी रायगड जिल्ह्यातील उरण, पनवेल, पेण व अलिबाग या तालुक्यांतील आणि ठाण्याच्या खाडीलगतच्या गावांतील आहे. या पट्ट्यात आगरी, कोळी, कराडी, कुणबी व कातकरी समाजांची वस्ती आहे. मुंबई येथून खाडीपलीकडे दिसते. त्यामुळे गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रातील शहरीकरणाचा सर्वांत मोठा रेटा याच भातशेतीने सोसला. तुमच्यापैकी काही जण या भागातील असतील. काहींच्या घरी आजही एखादी नोटीस किंवा संमतिपत्र येऊन पडले असेल. हा विषय तुमच्या दृष्टीने केवळ परीक्षेपुरता राहणार नाही, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

आपण प्रथम खारशेती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहू. त्यानंतर या जमिनीची मालकी कुळांकडे कशी आली आणि ती पुढे कशी गेली हे समजून घेऊ. मराठी भाषेचे विद्यार्थी म्हणून आपले विशेष लक्ष एका गोष्टीकडे राहील: शेतात काम करणाऱ्यांची भाषा आणि जमिनीची मोजदाद करणाऱ्या दप्तराची भाषा यांत जे अंतर आहे, त्या अंतरात नेमके काय हरवते?

२. खारशेती कशी चालते

खाडीकाठची जमीन सखल असते. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि ओहोटीला उतरते. अशा जमिनीभोवती मातीचा भक्कम बांध घालून भरतीचे पाणी अडवले, की आतील क्षेत्र हळूहळू लागवडीस योग्य होऊ लागते. या कामाला ‘खारबंदिस्ती’ म्हणतात. केवळ बांध घालून मात्र भागत नाही. पावसाळ्यात आत साचणारे गोडे पाणी बाहेर जाण्यासाठी वाट हवी, आणि त्याच वाटेने खाडीचे खारे पाणी आत येता कामा नये. यासाठी बांधात एक दार बसवलेले असते. त्याला ‘उघाडी’ असे नाव आहे. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार बाहेरच्या बाजूला उघडते; भरती सुरू झाली की खाडीच्या दाबानेच ते मिटते. ज्या काळी येथे कोणतेही यंत्र नव्हते त्या काळी भरती-ओहोटीलाच कामाला लावणारी ही युक्ती लोकांनी साधली होती.

पावसाचे पहिले पाणी खारजमिनीत पिकासाठी नसतेच. ते शेतात तुंबवायचे, जमिनीतील क्षार त्यात विरघळू द्यायचे आणि ओहोटीच्या वेळी ते उघाडीतून सोडून द्यायचे, असे काही वेळा केल्यावर जमिनीचा वरचा थर गोडसर होतो. मग मोड आणलेले बियाणे चिखलावर फेकून पेरणी होते. डोंगराकडच्या गोड्या जमिनीत शेतकरी गवत, पालापाचोळा व शेण जाळून राब भाजतो, रोपे तयार करतो आणि मग लावणी करतो. खाऱ्या जमिनीची रीत निराळी आहे. बियाणेही निराळे असते. तांबड्या दाण्याचा ‘राता’ हा भाताचा जुना वाण क्षार सोसणारा म्हणून ओळखला जातो. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल-१’ आणि त्यानंतरचे क्षारसहिष्णू वाण विकसित केले.

आता बांधाकडे वळू, कारण या शेतीचे मर्म तेथे आहे. मातीचा बांध एकदा घातला म्हणजे कायमचा झाला, असे होत नाही. खेकडे आणि घुशी त्यात बिळे करतात. लाटा त्याचा पाया खातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्याच्या माथ्यापर्यंत येते. त्याच सुमारास मुसळधार पाऊस लागला तर बाहेरच्या भरतीमुळे उघाडी मिटलेली आणि आत पावसाचे पाणी चढत चाललेले, अशी दुहेरी कोंडी होते. अशा रात्री कोणीतरी कंदील किंवा विजेरी घेऊन बांधावर जावेच लागते. बांध फुटून पाण्याला वाट झाली, तर ‘खांड पडली’ असे म्हणतात. लहानशा खांडीतून शिरलेले खारे पाणी एकाच शेतात थांबत नाही, ते संपूर्ण बंदिस्तीत पसरते. त्या हंगामाचे पीक जाते आणि जमीन पुन्हा धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. घाटावर एखाद्या शेतकऱ्याने आपला बांध राखला नाही तर मुख्यतः त्याचे स्वतःचे नुकसान होते. खारभूमीत शेताचे तुकडे वेगवेगळ्या मालकांचे असले तरी त्यांना राखणारा बाहेरचा बांध सर्वांचा एकच असतो. म्हणून तो राखण्याचे कामही सर्वांचे. कापणीनंतर आणि पावसाळ्यापूर्वी घराघरातून माणूस बांधाच्या कामाला जाणे ही येथील जुनी रीत होती. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरात ‘शिलोत्री’ अशी संज्ञा आढळते. बंदिस्ती करून मिळवलेल्या जमिनीची ती वहिवाट होती आणि बाहेरच्या बांधाच्या डागडुजीसाठी लागवड करणाऱ्यांकडून धान्याचा ठरावीक हिस्सा घेतला जात असे. म्हणजे बांध हा सामाईक खर्चाचा विषय आहे, हे जुने दप्तर तरी ओळखून होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींविषयी कायदा केला. महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा खारभूमी विकास कायदा केला. अनेक बंदिस्त्या शासकीय योजनांत आल्या, उघाड्या पक्क्या झाल्या. हे उपकारकच होते. पण बांधाची जबाबदारी कार्यालयाकडे गेल्यावर गावाची सवय मोडली, आणि कार्यालयाचा निधी उशिरा आला की खांड तशीच राहू लागली, हेही नोंदवले पाहिजे.

भाताखेरीज या जमिनीचे इतर उत्पन्नही असे. खाचरांतील व तळ्यांतील जिताडा, चिखलातील निवट्या, चिंबोऱ्या ही घरची मासळी. पेण-अलिबागकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची पद्धत आजही आहे. कोरड्या महिन्यांत मिठागरांवर काम मिळे. ‘आगर’ या शब्दाचा मिठागर हा अर्थ आणि आगरी समाजाचे नाव यांचा संबंध सांगितला जातो तो यामुळेच. मासळी व भाजी बाजारात नेऊन विकणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम होते आणि त्या पैशावर त्यांचा हात असे. हा मुद्दा पुढे आपल्याला लागणार आहे.

३. कुळाची जमीन

या पट्ट्यात जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक हे दीर्घकाळ वेगळे होते. खोत हा मध्यस्थ धान्याचा मोठा वाटा घेई आणि कुळाच्या हाती थोडेच उरे. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाही असे ठरवले आणि हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. कारखान्यातील कामगाराचा संप आपल्या परिचयाचा आहे. शेतकऱ्याने आपल्या चुलीवर पाणी ओतून केलेला एवढा प्रदीर्घ संप विरळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. प्रत्यक्षात खरेदीची रक्कम ठरणे, ती भरणे व दाखला मिळणे यांत पुढे वर्षे गेली. तारखांकडे लक्ष द्या. १९५७ मध्ये जी कुळे मालक झाली, त्यांच्या जमिनींवर संपादनाच्या नोटिसा येऊ लागल्या त्या १९७० नंतर. ज्यांच्या वडिलांनी चरीचा संप पाहिला, त्यांना मालक म्हणून जेमतेम तेरा-चौदा पावसाळे मिळाले.

४. खाडीपलीकडचे शहर

मुंबईची दाटी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने शेतजमिनी घेण्यास सुरुवात झाली.

नियोजनाच्या आराखड्यात गावठाणे तशीच ठेवली होती. घरे राहिली, शेते गेली. वरवर पाहता ही व्यवस्था माणुसकीची वाटते आणि विस्थापनाच्या तुलनेत ती तशी होतीही. परंतु भात, मासळी व मीठ या तिन्हींवर चालणाऱ्या घराचे केवळ छप्पर मागे राहिले तर ते घर चालणार कशावर, हा प्रश्न आराखड्याच्या बाहेर राहिला. पुढे कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, आणि संपादित झालेल्या आपल्याच जुन्या जमिनीवर लोकांनी घरे बांधली. शासकीय भाषेत यांना आज ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. प्रशासनाने घडवलेल्या शब्दांपैकी इतका उघड कबुलीजबाब देणारा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

मोबदल्याविषयीचा असंतोष जानेवारी १९८४ मध्ये टोकाला गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर १६ व १७ जानेवारी रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच शेतकरी मृत्यू पावले. दरवर्षी या दिवसांत तेथे हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. या लढ्यातून पुढे १९९० मध्ये ‘साडेबारा टक्के’ योजना आली.

ही योजना एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर जमीन संपादित झाली. तिच्या साडेबारा टक्के, म्हणजे पाच गुंठे विकसित भूखंड त्याला परत मिळण्यास तो पात्र ठरतो. या पाचांतून सामाजिक सोयीसुविधांसाठी तीस टक्के वजा होतात. हाती येतात साडेतीन गुंठे. मूळ जमिनीच्या हिशेबाने हे प्रमाण पावणेनऊ टक्के होते. शहरात साडेतीन गुंठ्यांची किंमत शेतातल्या चाळीस गुंठ्यांहून कितीतरी अधिक असू शकते, हे खरे आहे. अनेक कुटुंबांची स्थिती त्यामुळे सुधारली, हेही खरे आहे. मात्र हा भूखंड कधी मिळाला, मिळेपर्यंत तो विकण्याचा करार कोणाशी आणि किती रुपयांना करून ठेवावा लागला, आणि वारसांची संख्या किती होती, यावर त्या सुधारणेचे मोल ठरते. साडेतीन गुंठ्यांवर अकरा वारसांच्या सह्या लागत असतील, तर तो भूखंड विकून पैसे वाटून घेण्यावाचून दुसरा मार्ग सहसा उरत नाही.

ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याला या हिशेबात जागाच नव्हती. मजुरीवर लावणी-कापणी करणारा, खाचरातली मासळी पकडणारा कातकरी, मिठागरावरचा कामगार, आणि मासळीच्या पाटीवर घर चालवणारी स्त्री यांच्या तोट्याला टक्केवारी लावता येत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा या बाबतीत वेगळा आहे. संपादनापूर्वीची तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून होती, अशा मजूर, कुळे व कारागीर कुटुंबांनाही तो बाधित मानतो. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती तो आवश्यक ठरवतो. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या आधी गेलेल्या जमिनींना त्याचा उपयोग नव्हता.

आपले आकलन तपासा: वरील विवेचनात शेतजमिनीवर अवलंबून असलेल्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कोणकोणत्या व्यक्ती आल्या आहेत? तुमच्या गावाच्या संदर्भात या यादीत आणखी कोणाची भर घालाल?

५. दप्तराची भाषा

सातबारा हा ग्रामीण महाराष्ट्रातील कदाचित सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर आहे. भाषेच्या अभ्यासकाने तोही पाठ्य म्हणून वाचून पाहावा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. त्यात भूमापन क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार आणि ‘इतर हक्क’ यांच्या नोंदी असतात. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे दोन एकत्र आले म्हणून सातबारा.

हा मजकूर काय सांगतो? जमीन किती, कोणाची आणि तिच्यावर कोणाचे कर्ज किंवा हक्क आहेत. काय सांगत नाही? ती कोणत्या बंदिस्तीत येते, तिचे पाणी कोणत्या उघाडीने जाते, बाहेरच्या बांधाची किती लांबी राखण्याची रीत तिच्या कसणाऱ्याकडे होती, हे त्यावरून कळत नाही. शेतातील बांध, ओहोळ व खळगे यांना बहुधा ‘पोटखराबा’ या रकान्यात जागा मिळते. पोटखराबा म्हणजे क्रमांकातील लागवडीस अयोग्य मानलेला भाग. ज्या बांधावाचून एक दाणाही पिकणार नाही, तो दप्तराच्या लेखी खराबा. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे समजू नका. महसूल आकारण्यासाठी तयार केलेला तक्ता महसुलापुरते पाहतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा तोच तक्ता नुकसान मोजण्याचेही एकमेव साधन ठरतो.

या अडचणीचा प्रत्यक्ष परिणाम असा. एका बंदिस्तीत शंभर खातेदार आहेत असे माना. त्यांपैकी चाळीस जणांनी आपापल्या जमिनी गुंतवणूकदारांना विकल्या. कागदोपत्री उरलेल्या साठ जणांच्या हक्काला काहीही बाधा आलेली नाही. प्रत्यक्षात बांधावर जाणारे चाळीस हात कमी झाले, कारण नव्या मालकाला भात पिकवायचे नाही. एखाद्या उधाणाला खांड पडते. ती बुजवली जात नाही. साठ जणांच्या शेतांत खारे पाणी शिरते. दोन-तीन वर्षांत जमीन पडीक होते आणि तिच्यात कांदळवन उगवते. कांदळवन तोडण्यास व त्यात बांधकाम करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. पर्यावरणाच्या दृष्टीने ती आवश्यकच होती. पण बांध फुटल्यामुळे ज्याच्या भातखाचरात कांदळ आले, त्या शेतकऱ्याला आता शेतही करता येत नाही. मग तो उरलेल्या किमतीला जमीन विकतो. खरेदीखतात लिहिले जाते की, ही विक्री त्याने राजीखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता केली आहे.

या वाक्यातील प्रत्येक शब्द कायद्याने खरा असतो. खारभूमीत मात्र एकाच्या राजीखुशीने दुसऱ्याची नाराजी निरर्थक होऊ शकते, कारण बांध एक आहे. विकासाच्या चर्चेत ‘ज्याला द्यायची तो देईल, ज्याला ठेवायची तो ठेवील’ असा न्यायाचा वाटणारा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. डोंगरउतारावर तो बराचसा टिकेल. भरतीच्या रेषेखालच्या शेतात तो टिकत नाही.

संपादनाच्या परिभाषेकडेही सावधपणे पाहावे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द ‘पूरग्रस्त’, ‘भूकंपग्रस्त’ यांच्या साच्यात घडला आहे. पूर आणि भूकंप कोणी ठरवून आणत नाही. प्रकल्प मात्र ठरावाने येतो. शब्दाच्या घडणीने हा भेद पुसला जातो. ‘मोबदला’ या शब्दात बदल्यात काही देणे हा अर्थ आहे, म्हणजे दोन वस्तू तुल्य असल्याचे तो गृहीत धरतो. ‘निवाडा’ हा तर तंटा मिटवण्याचा शब्द. भूसंपादनात मात्र भरपाई ठरवणाऱ्या आदेशाला निवाडा म्हणतात, तंटा त्यानंतर न्यायालयात सुरू होतो.

६. बावीस गावांचे उत्तर

२००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा केंद्रीय कायदा झाला. त्यानंतर पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनींवर एका खासगी उद्योगसमूहाचे ‘महामुंबई’ विशेष आर्थिक क्षेत्र प्रस्तावित झाले आणि शासनाने त्यासाठी भूसंपादन सुरू केले. गावांतून तीव्र विरोध झाला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्यात उभे राहिले.

यांतील २२ गावे पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. सिंचनासाठी ठरलेली जमीन उद्योगासाठी घेऊ नये, असा या गावांचा आक्षेप होता. हेटवणेचे पाणी नवी मुंबईच्या नळांना पोहोचले होते आणि शेतांपर्यंतचे कालवे मात्र पूर्ण झालेले नव्हते. ‘लाभक्षेत्र’ या शब्दातील लाभाची वाट पाहत असतानाच या जमिनी मागितल्या जात होत्या. अखेर शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी या गावांतील शेतकऱ्यांचे मत मतपेटीद्वारे अजमावले. प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांना अशा तऱ्हेने विचारले जाणे ही देशात नवीच गोष्ट होती. फार मोठ्या बहुसंख्येने विरोध नोंदवल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये मुदत संपून भूसंपादनाची प्रक्रिया व्यपगत झाली.

या घटनेचे महत्त्व निकालाइतकेच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. एरवी संमती खातेदारागणिक, स्वतंत्र कागदावर घेतली जाते. येथे गावे एकाच दिवशी, एकत्र उत्तर देत होती. खारबंदिस्तीच्या वास्तवाशी सुसंगत अशी विचारणा आजवर झाली असेल तर ती हीच, असे माझे मत आहे. तथापि या मतदानाचा कायद्यात कोठेही आधार नव्हता आणि पुढे तशी प्रथाही पडली नाही.

त्यानंतरच्या योजनांनी वेगळा मार्ग घेतला. विमानतळ प्रभाव क्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, २०१३ मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. येथे जमीन संपादित करण्याऐवजी नगररचना परियोजना राबवल्या जातात: मालकाला मूळ जमिनीच्या चाळीस टक्के इतका ‘अंतिम भूखंड’ मिळतो, बाकीची जमीन रस्ते, सोयीसुविधा इत्यादींसाठी जाते. साडेबारापासून चाळीसपर्यंतचा हा प्रवास शेतकऱ्यांच्या लढ्यांचे फलित आहे आणि त्याला कमी लेखू नये. तरीही चाळीस टक्के अंतिम भूखंडावर भात होत नाही. मालक राहतो, शेतकरी राहत नाही. २०२४ मध्ये शिवडी-न्हावा सेतू वाहतुकीस खुला झाला आणि त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले. विषय अजून चालू आहे.

७. शब्दांचे काय होते

जमीन गेली की तिच्याबरोबर कोणते शब्द जातात आणि कोणते राहतात, हे पाहणे उद्‌बोधक आहे. या पट्ट्यातील लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारिणी आजही आहेत. शेती उरलेली नाही अशा नवी मुंबईच्या गावठाणांतही हळदीच्या रात्री धवला ऐकू येतो. लग्ने होत राहतात, म्हणून धवलाही होत राहतो. उघाडी, खांड, बंदिस्ती या शब्दांचे तसे नाही. त्यांचे अर्थ हातांनी कळतात. बांधावर न गेलेल्या मुलाला ‘खांड’ या शब्दाचा अर्थ सांगता येईल. पण भर उधाणात आजोबा तो शब्द ज्या आवाजात उच्चारीत, त्या आवाजातली घाई सांगून कळणार नाही.

उलट काही शब्द नव्याने रुळले आहेत. ‘साडेबारा’ हा आता या भागात आकडा राहिलेला नसून नाम झाला आहे: ‘त्यांचा साडेबारा निघाला’, ‘आमचा अजून अडकला आहे’. ‘पाकीट’, ‘अवॉर्ड’, ‘एफएसआय’ हे शब्द निरक्षर आजीच्याही बोलण्यात सहज येतात. बोलीचा हा शब्दसंग्रह शुद्ध नाही म्हणून बाजूला सारू नये; लोक कशाशी झगडत आहेत, हे त्यातून कळते. आगरी बोलीच्या कोशात ‘राता’ जितका हवा, तितकाच ‘साडेबारा’ही हवा.

८. क्षेत्रीय कृती

तुमच्या घरचा, नातेवाइकांचा किंवा परवानगीने शेजाऱ्यांचा एक सातबारा मिळवा. ज्यांनी ती जमीन प्रत्यक्ष कसली आहे, अशा एका वयस्क स्त्रीला आणि एका वयस्क पुरुषाला स्वतंत्रपणे भेटा. त्या जमिनीचे गावातले नाव काय, पाणी कोठून येते व कोठे जाते, बांधावर कोण जात असे, तेथून भाताखेरीज घरात काय येई आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती असत, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी उतरवून घ्या. ‘पानी’ म्हटले असेल तर ‘पाणी’ असे दुरुस्त करू नका. सातबाऱ्यावर सापडणारी माहिती आणि न सापडणारी माहिती वेगवेगळ्या रंगाच्या शाईने अधोरेखित करा. जमीन संपादित किंवा विकली गेली असल्यास तिचा निवाडा किंवा खरेदीखत पाहायला मिळते का, ते पाहा. मात्र त्यातील नावे व रकमा आपल्या वहीत लिहू नका. सुमारे सहाशे शब्दांचे टिपण तयार करून समंत्रकांशी त्यावर चर्चा करा.